चालू घड्याळ खोल, बंद नको

या वेळचं पत्र इचलकरंजीहून आलंय. लांबलचक होतं, थोडं कापून देतेय:

"ताई, मी २९ वर्षांचा, यंत्रमागाच्या कारखान्यात सुपरवायझर. वर्षभर घड्याळदुरुस्तीचे व्हिडिओ बघून नाद लागला. ४९९ रुपयांचा टूल किट मागवला आणि आईच्या वडिलांची एचएमटी जनता, दहा-बारा वर्षं कपाटात बंद पडलेली, ती खोलली. शिलाई मशीनचं तेल सोडलं तर चालू झाली! आईच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवसांनी परत थांबली. पुन्हा खोलली तर बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक) काढताना त्याची हेअरस्प्रिंग ताणली गेली, आता ती सुळक्यासारखी वर आलीये, शॉकप्रूफची बारीक स्प्रिंग टिंग करून उडाली ती सापडत नाही, आणि एका स्क्रूची खाच गेली. आई चार दिवस धड बोलत नाहीये. भाऊ म्हणतो घड्याळवाल्याकडे टाकलं असतंस तर कधीच झालं असतं. त्याआधी एनएच३५ (सेकोचं तयार मिळणारं आतलं मशीन), डायल, केस (बाहेरचं कवच) मागवून स्वतःचं घड्याळ जोडायला घेतलं होतं, त्यात सेकंद काटा तीनदा गळून पडला, काचेच्या आत कचरा राहिला, तेही अर्धवट डब्यात पडलंय. माझे हात जाड आहेत. हे माझ्याने होणारच नाही का? सोडून देऊ? – वैतागलेला"

अरे, आधी हातांचं बोलू कारण ते तुझ्या मनात घर करून बसलंय असं दिसतंय. तू मागावर काम केलंयस ना? तुटलेला धागा दोन बोटांत धरून सांधलायस ना, शेजारी माग खडखडत असताना? मग हात जाड वगैरे काही नाही, ते डोक्यातून काढून टाक. घड्याळात बोटांनी काही धरायचंच नसतं, धरायचं चिमट्याने, आणि चिमट्याची गंमत अशी की वस्तू पडेल या भीतीने आपण जितकं घट्ट दाबतो तितकी ती उडते, कारण जास्त दाबलं की चिमट्याची टोकं पुढून किंचित फाकतात आणि मधली स्प्रिंग गोफणीतल्या दगडासारखी सुटते. तुझी शॉकप्रूफची स्प्रिंग अशीच गेली असणार. सैल धरायला शिकावं लागतं, आणि ते वाचून येत नाही, किलोभर स्क्रू उचलून ठेवून येतं.

आता मुद्द्याचं. तुझी खरी चूक तेल नाही, टूल किट नाही आणि हात तर नाहीतच. तू बंद घड्याळावर शिकायला बसलास. बंद घड्याळ खोललं, साफ केलं, जोडलं आणि तरी चाललं नाही, तर नवशिक्याला कळणार कसं की मूळचाच दोष राहिलाय की आपण काहीतरी बिघडवलंय? दोन्ही एकात एक मिसळून जातं. मग तोच तो भाग दहादा खोलायचा, प्रत्येक वेळी थोडं जास्त मोडायचं, आणि रात्री दोन वाजता स्वतःला शिव्या घालायच्या. हा वैताग मी ओळखते. म्हणून पहिलं घड्याळ चालू असलेलं घ्यायचं, व्यवस्थित टिकटिकणारं, ते खोलायचं, जोडायचं, आणि नाही चाललं तर निदान एवढं तरी पक्कं की चूक माझी आहे आणि ती शेवटच्या तासाभरात झालीये. मग शोधता येते. शिकणं तिथून सुरू होतं रे, त्याआधी नुसतं झुंजणं असतं.

आणि दुसरं, हे जरा लागेल तुला पण बोलते. भाऊ बोलला ते टोचलं असेल, पण पहिलं घड्याळ आजोबांचं नको होतं, तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे. मी हेच केलं होतं. सासऱ्यांचं किल्लीचं स्विस घड्याळ होतं, घरात सगळे लग्नाला गेलेले, मी एकटी. बॅलन्स काढला, पॅलेट फोर्क (चक्रांना टप्प्याटप्प्याने सोडणारा छोटा फाटा) काढला, आणि कमानीतली, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगमधली, किल्ली उतरवलेलीच नव्हती. घुर्र्र् असा आवाज आला, सगळी चक्रं एका दमात फिरून मोकळी झाली आणि थर्ड व्हीलचं, म्हणजे मधल्या एका चक्राचं, टोक मोडलं. तो आवाज इतक्या वर्षांनीही कानात आहे. सासरे काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. पुढे कोल्हापुरातल्या एका वयस्कर घड्याळवाल्या काकांकडे ते चक्र मिळालं, आणि त्यांच्याकडेच मी शनिवारी जाऊन बसायला लागले. पहिले पाच-सहा शनिवार त्यांनी मला फक्त एका मोडक्या मशीनचे स्क्रू काढायला आणि परत लावायला दिले. मला तेव्हा राग यायचा. आता कुणी शिकायला आलं की मीही तेच देते.

तुझ्या जनताचं नक्की काय झालं ते सांगते, म्हणजे आईलाही नीट सांगता येईल. दहा-बारा वर्षांत आतलं जुनं तेल वाळून डिंकासारखं झालेलं असतं. तू वरून शिलाई मशीनचं तेल सोडलंस, डिंक थोडा सुटला, घड्याळ चाललं. पण सुटलेली ती घाण त्या तेलाबरोबर ज्वेलच्या (चक्रांची टोकं ज्यात फिरतात त्या खड्यांच्या) भोकांत जाऊन बसली आणि दोन दिवसांत परत जाम. शिवाय हे तेल पातळ, एका जागी राहत नाही, पसरतं. हेअरस्प्रिंगवर गेलं तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भलतंच पुढे धावतं. घड्याळाचं तेल वेगळं असतं, मोबियस ९०१० नावाचं वेगवान चक्रांसाठी वापरतात, २ मिलीची बाटली येते आणि ती हौशी माणसाला वर्षानुवर्षं पुरते कारण एका ज्वेलला लागतं ते थेंबाच्याही कितीतरी कमी, सुईच्या टोकाला जेमतेम ओल दिसेल एवढंच. आणि पॅलेट फोर्कच्या आसाच्या टोकांना, जी ज्वेलमध्ये फिरतात, तर तेल लावतच नाहीत, कोरडीच ठेवतात.

हेअरस्प्रिंग कशी ताणली गेली तेही माझ्या डोळ्यासमोर आहे. तू कॉकचा (बॅलन्सला वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीचा) स्क्रू काढलास, कॉक वर उचलला, आणि खाली बॅलन्सचं चाक पॅलेट फोर्कच्या जवळ कुठेतरी अडकलेलं होतं. कॉक वर आला, चाक खाली राहिलं, मधे ती केसाएवढी कमान, जिला जुने कारागीर बालकमानी म्हणतात, ती बिचारी दोघांच्या मधे ओढली गेली. करायचं काय, तर कॉक किंचित उचलून एक क्षण थांबायचं, भिंगातून बघायचं चाक सोबत येतंय का, नसेल येत तर ओढायचं नाही, खाली टेकवायचं, किंचित फिरवायचं, परत उचलायचं. आलं की एकाच संथ हालचालीत उलटं करून ठेवायचं, लटकत ठेवायचं नाही. मला हे नीट जमायला तीन मशीनं लागली.

आता चांगली बातमी. जनता मेलेली नाहीये. ताणलेली हेअरस्प्रिंग सरळ करणं हे फार वरच्या दर्जाचं काम आहे, त्यात तू आत्ता पडूच नको, पण ते करायची गरजच नाही. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनबरोबर घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि पुढे कोट्यवधी बनवली. जनतात ०२३१ नंबरचं मशीन असतं, १७ ज्वेलचं, तेच मशीन त्यांच्या इतरही मॉडेलांत टाकलेलं आहे. २०१६ साली सरकारने एचएमटी वॉचेस कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, त्यामुळे कंपनीकडून नवे पार्ट येणं संपलं, पण जुनी घड्याळं बाजारात ढिगाने आहेत. फुटक्या काचेचं, खराब डायलचं पण आतून टिकटिकणारं एक ०२३१ घे, त्यातला बॅलन्स कॉकसकट, हेअरस्प्रिंगसकट पूर्ण उचलायचा आणि आजोबांच्या मशीनमध्ये बसवायचा. शॉकप्रूफची स्प्रिंगही त्याच्यातच मिळेल, स्क्रूही. पुण्याला कधी आलास तर रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मार, नाहीतर मुंबईत चोर बाजार. मागचं झाकण उघडून नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. आणि ऑनलाइन जी नव्यासारखी चकाचक, लाल-हिरव्या डायलची जुनी एचएमटी दिसतात ना, ती बहुतेक डायल परत रंगवून, चार घड्याळांचे पार्ट जोडून केलेली असतात, परदेशातले शौकीन त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. पार्टसाठी स्वस्तात मिळालं तर ठीक, पण अस्सल समजून घेऊ नको.

त्यावरून आठवलं, आजोबांच्या डायलला हात लावू नको हं. डाग असेल, पिवळी पडली असेल, राहू दे. कापसाने पुसायला गेलास तर डाग राहतो आणि छापलेली अक्षरं निघून जातात. केसवरचे ओरखडेही राहू देत, ते त्यांच्या मनगटाचे आहेत. पॉलिश करून ते घालवलेस तर आईला जे परत हवंय तेच तू पुसून टाकशील.

मग क्रम असा. आजोबांची जनता आत्ता जशी आहे तशी, सगळे सुटे भाग एका झाकणाच्या डबीत, डबीवर तारीख, आणि ती डबी आईच्या हातात दे. तुझ्या टेबलावर नको. तिला सांग की एक भाग खराब झालाय, तो मिळतो, आणि मी तो बसवायच्या लायकीचा झालो की तुझ्यासमोर बसवीन, किंवा तू म्हणशील तर उद्याच घड्याळवाल्याकडे देऊ. निर्णय तिला करू दे, वस्तू तिच्या वडिलांची आहे. आणि ती म्हणाली घड्याळवाल्याकडे दे, तर दे, फक्त त्यांना विचार की काका मी शेजारी बसून बघू का. बरेच जण हो म्हणतात. या कामाला आता नवीन माणसं येत नाहीयेत, कुणी आस्थेने विचारलं की त्यांना बरं वाटतं, हा माझा अनुभव आहे.

तू शिकायला दोन चालू मशीनं घे. एक ते ०२३१. दुसरं, जमलं तर, सीगलचं एसटी३६, हे मुळात खिशातल्या घड्याळाच्या मापाचं चिनी मशीन, साधारण साडेछत्तीस मिलिमीटर रुंद, त्यात सगळं मोठं मोठं दिसतं आणि हात बसायला फार छान. तो ४९९चा किट बाजूला ठेव. त्यातले स्क्रूड्रायव्हर मऊ लोखंडाचे असतात, खाचेत नीट बसत नाहीत, घसरतात आणि स्क्रूचं डोकं खातात, म्हणजे तुझी खाच गेली त्यात अर्धा दोष त्या पात्याचा. ०.८, १.० आणि १.२ मिलिमीटरचे तीन चांगले स्क्रूड्रायव्हर आणि एक चांगला तीन नंबरचा चिमटा एवढं घे, बाकी हळूहळू. आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, १० पटीचा घेतला असशील तर तो तपासायला ठेव, कामाला ४ किंवा ५ पटीचा लाव, कारण १० पटीत वस्तू डोळ्यापासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर धरावी लागते, मग चिमटा घालायचा कुठून?

बसायची जागा म्हणशील तर घरातली मोठी परात घे, आत पांढरं सुती कापड अंथर, त्यात काम कर, उडालेलं बरंचसं परातीतच पडतं. स्प्रिंग काढायची वेळ आली की मशीन आणि दोन्ही हात एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काढ, विचित्र दिसतं पण स्प्रिंग पिशवीतच राहते. पंखा बंद. मे महिन्यात घाम गळतो, माहितीये, पण पंखा बंदच, आणि म्हणून सकाळी लवकर बसायचं. स्क्रू ठेवायला औषधाच्या दुकानात आठवड्याच्या गोळ्यांचा खणाखणांचा डबा मिळतो तो झकास, प्रत्येक पायरीचा एक खण, आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो.

खोलताना सगळ्यात आधी मुख्य कमान उतरव, म्हणजे तिचा ताण सोड. किल्ली दोन बोटांत धर, क्लिक (किल्ली उलटी फिरू न देणारा छोटा खटका) चिमट्याने मागे सार, आणि किल्ली बोटांतून हळूहळू सुटू दे, एकदम सोडायची नाही. माझं काय झालं ते वर सांगितलंच. मग बॅलन्स, मग पॅलेट फोर्क, मग चक्रं. धुवायला लायटरमधलं नॅप्था चालतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलही लोक वापरतात पण त्यात पॅलेट फोर्क कधीही बुडवून ठेवू नको, त्याचे दोन लाल दगड लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बॅलन्सवरचा छोटा दगडही लाखेनेच बसवलेला असतो. व्हिडिओत हे कित्येकदा सांगतच नाहीत आणि पोरं दगड हरवून बसतात.

जोडताना सगळ्यात जास्त रडवणारी जागा म्हणजे चक्रांवरची पट्टी, ट्रेन ब्रिज. तीन-चार चक्रं उभी, प्रत्येकाचं वरचं टोक केसाच्या आसपासच्या जाडीचं, आणि ती सगळी एकाच वेळी आपापल्या ज्वेलमध्ये शिरली पाहिजेत. एक शिरतं तोवर दुसरं निसटतं. इथे माणूस वैतागून स्क्रू आवळतो आणि टोक मोडतं. पट्टी नुसती वर ठेव, एका बोटाने अगदी हलकी टेकवून धर, दुसऱ्या हाताने चिमट्याने एकेक चक्र किंचित हलव, शिरलं की पट्टी एक पायरी खाली बसल्यासारखी जाणवते, आवाज नसतो, बोटालाच कळतं. सगळी शिरली असं वाटलं की किल्ली अर्धा आटा फिरवून बघ, सगळी चक्रं सुरळीत पळाली तरच स्क्रू, नाहीतर परत. पहिल्यांदा मला चाळीस मिनिटं लागली होती, आता दोन लागतात, आणि अजूनही एखाद्या दिवशी पंधरा लागतात. दहा मिनिटांत नाही बसलं तर वर वाटी झाकून उठ, चहा पी. पावसाळ्यात मात्र दिवसेंदिवस उघडं टाकू नको, बोटांचा घाम आणि दमट हवा लागून पोलादी भागांवर गंज चढतो.

एक मशीन खोलून जोडून परत चालू झालं की तेच परत खोल. पाचदा तेच. एसटी३६ चौथ्यांदा जोडशील तेव्हा फोटो बघावे लागणार नाहीत. मग ०२३१, त्याचाही बॅलन्स काढून घालून, काढून घालून. सलग तीनदा बॅलन्स काही न बिघडता निघाला-बसला की आईकडून डबी माग. आणि जनता चालू लागल्यावर दिवसाला २०-३० सेकंद मागेपुढे झालं तर कृपा करून त्याच्या मागे लागू नको. ते मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार, त्या वयात तेवढं चुकणं म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं मी समजते.

एनएच३५चं थोडक्यात, कारण ते दुरुस्तीपेक्षा जोडणीचं काम आहे आणि सोपं आहे, फक्त तू घाई केलीस. त्या मशीनला काट्यांची भोकं तास १.५०, मिनिट ०.९० आणि सेकंद ०.२० मिलिमीटर अशी लागतात, तुझा सेकंद काटा तीनदा गळला म्हणजे एकतर भोक दुसऱ्या मशीनच्या मापाचं आहे नाहीतर काट्याची नळी दाबताना फाकलीये, नवा घे, तोच चौथ्यांदा दाबू नको. तारीख असेल तर आधी किल्ली फिरवून तारीख टकन बदलते तिथे थांब आणि तिथेच काटे बाराला लाव, नाहीतर तारीख दुपारी बदलत बसेल. कचऱ्यासाठी कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी ब्लोअर वापर, तोंडाने फुंकर मारू नको, थुंकीचे कण जातात. कचरा सगळ्यांच्याच काचेत राहतो, मीसुद्धा एकदा सहा वेळा उघडलंय. आणि स्टेम, म्हणजे किल्लीची दांडी, कापताना एकदम कापू नको, जरा जास्त ठेवून मग कानशीने थोडं थोडं घासत ये, आखूड झाली की नवीनच घ्यावी लागते.

सोडून देऊ का विचारतोस. नको देऊ. तेल टाकून का होईना, ती जनता दोन दिवस चालवलीस आणि आईने ती ऐकली.

आणि ती उडालेली स्प्रिंग. त्या खोलीत अजून केर काढला नसेल तर आज रात्री दिवे घालव, मोबाइलचा टॉर्च जमिनीवर आडवा टेकवून ठेव आणि स्वतः पोटावर झोपून बघ, आडव्या उजेडात एवढीशी वस्तूही लांब सावली टाकते आणि चमकते. टेबलाखाली नको शोधत बसू, भिंतीच्या कडेला बघ, आणि त्या दिवशी घातलेल्या शर्टाच्या खिशात आणि पॅंटच्या मुडपलेल्या घडीत बघ. माझ्या तर निम्म्याहून जास्त तिथेच सापडल्यात.